मुंबई आंदण आणणारी राणी आणि टायटस ओट्सचा कागद

प्रश्न : ताई, मी वांद्र्याची, ईस्ट इंडियन. आमच्या घरात मराठीच बोलतात. मे महिन्यात लेकीकडे लंडनला गेले होते. १६६६च्या आगीचं स्मारक म्हणून तिथे एक उंच खांब आहे. त्यावर पूर्वी कॅथलिकांना दोष देणारी ओळ कोरली होती, असं जावई म्हणाले. हे खरं का? आणि शिकलीसवरली माणसं असल्या गोष्टी खऱ्या कशा मानत होती?
— एक वाचक, वांद्रे

उत्तर : जावई बरोबर सांगतात. आग लागली एका बेकरीत. ती ओळ कोरली गेली १६८१ साली, म्हणजे आगीनंतर पंधरा वर्षांनी. जेम्स हा कॅथलिक राजा गादीवर आल्यावर ती खरवडली, १६८९मध्ये पुन्हा कोरली आणि १८३०मध्ये कायमची काढली. मधल्या पंधरा वर्षांत काय घडलं, त्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

१६७८मध्ये प्रोटेस्टंट इंग्लंडात टायटस ओट्स नावाचा माणूस पुढे आला. उत्तर फ्रान्समधल्या सेंट ओमरला जेझुइटांचं, म्हणजे एका कॅथलिक संघाच्या फादरांचं, विद्यालय होतं; तिथून त्याला हाकलून दिलं होतं. त्याने शपथेवर सांगितलं, की कॅथलिक मंडळी राजा दुसऱ्या चार्ल्सचा खून करणार आहेत. पुढे १६७९मध्ये त्याची हकीकत छापून निघाली. त्याच वर्षी छपाईच्या परवान्याचा कायदा मुदत संपून बाद झाला आणि असल्या पत्रकांचा नुसता पूर आला.

माझे वडील गिरगावातल्या एका छापखान्यात कंपॉझिटर होते. कुठलंही हँडबिल हातात आलं की ते आधी शेवटची ओळ वाचायचे. मुद्रक कोण, पत्ता काय? ओळ नसेल तर कागद बाजूला. ही सवय त्यांनी मलाही लावली. पण ओट्सच्या पुस्तिकेपुढे ती लंगडी पडली असती. तिच्या मुखपृष्ठावर संसदेतल्या लॉर्ड्सच्या सभागृहाच्या हुकमाने छापल्याचं ठळक लिहिलं होतं आणि ओट्सच्या नावापुढे डॉक्टरेट होती. स्पेनमधल्या सालामांकाच्या विद्यापीठाची ही पदवी त्याला कधी मिळालीच नव्हती.

आणि आतला तपशील पाहा. २४ एप्रिल १६७८ रोजी स्ट्रँडवरच्या व्हाइट हॉर्स खानावळीत जेझुइटांची बैठक भरली म्हणे. राजावर गोळी झाडायला ग्रोव्हला १,५०० पौंड ठरले आणि पिकरिंगला ३०,००० मिस्सा, म्हणजे त्याच्यासाठी चर्चमधल्या प्रार्थना. पिस्तुलाची ठिणगी पाडणारी गारगोटी सैल होती म्हणून राजा वाचला! सैल गारगोटी कोण कशाला रचेल, असं वाचणाऱ्याला वाटणारच. मला या साऱ्या प्रकरणात हा तपशीलच सगळ्यात भयंकर वाटतो.

त्यात दोन खऱ्या गोष्टी येऊन मिळाल्या. राजाच्या भावजयीचा चिटणीस एडवर्ड कोलमन याची फ्रान्सशी चाललेली गुप्त पत्रं सापडली. आणि ज्या न्यायाधीशासमोर ओट्सने शपथ घेतली होती, त्या एडमंड बेरी गॉडफ्रेचं प्रेत १७ ऑक्टोबरला प्रिमरोझ टेकडीजवळ मिळालं, त्याचीच तलवार अंगात आरपार. मग शंका काढणाराच संशयित ठरू लागला. त्या प्रेताचं चित्र पत्त्यांच्या कॅटावरसुद्धा छापलं गेलं.

ओट्स २४ एप्रिलला लंडनमध्ये नव्हताच, आमच्याबरोबर विद्यालयात होता, हे सांगायला सेंट ओमरची पोरं समुद्र ओलांडून कोर्टात आली. साक्षीदार कॅथलिक, म्हणून ज्यूरीने त्यांचं मानलं नाही. २० जून १६७९ला पाच जेझुइट फादरांना फाशी झाली. बैठक त्या दिवशी खरोखरच भरली होती, पण राजाच्या भावाच्या, म्हणजे पुढे राजा झालेल्या त्याच कॅथलिक जेम्सच्या, सेंट जेम्स नावाच्या वाड्यात! स्वतःला वाचवायला हे उघड करायचं, तर तो भाऊ गोत्यात येणार.

आता तुमच्या-माझ्या मुंबईचं. १६६१च्या करारात ज्या कॅथरीनबरोबर आपली बेटं आंदण म्हणून इंग्रजांकडे गेली, ती चार्ल्सची कॅथलिक राणी. नवऱ्याला विष घालण्याच्या कटात ती आहे, असं ओट्सने नोव्हेंबर १६७८मध्ये संसदेत सांगितलं. तिचा वैद्य वेकमन विष देणार, १५,००० पौंडांना. चार्ल्स तिच्या बाजूने उभा राहिला आणि जुलै १६७९मध्ये वेकमन सुटला. पण गॉडफ्रेचा खून राणीच्या सॉमरसेट हाऊसमध्ये झाला, अशी एका धाकदपटशाने फोडलेल्या साक्षीदाराची जबानी होती आणि त्या जबानीवर ग्रीन, बेरी, हिल हे तीन साधे कामकरी आधीच फासावर गेले होते. त्या साक्षीदाराने १६८६मध्ये खोटी साक्ष दिल्याचं कबूल केलं. स्वतः राजाला ओट्सच्या जबानीत खोटेपणा दिसला होता, तरी त्याने फाशा थांबवल्या नाहीत. हे मी त्याला माफ करू शकत नाही. ओट्सला १६८५मध्ये फटके आणि जन्मठेप झाली. चार वर्षांत तो सुटला, वर पेन्शनही मिळालं.

पुन्हा लेकीकडे गेलात, तर सॉमरसेट हाऊसला जा. वाडा पाडून तिथे आता दुसरी इमारत आहे. पण अंगणाखालच्या भुयारात त्या काळच्या राण्यांच्या पदरी असलेल्या कॅथलिकांच्या कबरींच्या शिळा भिंतीत बसवलेल्या आहेत. त्यांवरची नावं अजून वाचता येतात.