पैसे कोणी दिले, ते आधी बघ

प्रिय,

विषमतेच्या प्रश्नावर काम करायचं ठरवलंस, बरं वाटलं. सुरुवात कुठून करू, असं विचारलं आहेस. विषमता मोजणारा गिनी गुणांक, दारिद्र्यरेषा हे तू वाचशीलच. त्याआधी वडिलांची पगाराची स्लिप काढ. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल. महाराष्ट्राने हा कर १९७५ साली लावला, तो रोजगार हमी योजनेसाठी, म्हणजे रोहयोसाठी. शहरातल्या पगारदाराने भरायचं, राज्याने तेवढीच भर घालायची आणि खेड्यात मागेल त्याला काम द्यायचं.

विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना. सांगलीतल्या तासगाव तालुक्यात आधी करून पाहिलेली, ७२ च्या दुष्काळाने राज्यभर नेली. त्या वर्षी सातबारावर नाव असलेली माणसंही खडी फोडायला बसली होती. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. केंद्राचा कायदा यायला २००५ उजाडलं.

आता खरा प्रश्न. बागायतदार आणि साखर कारखान्यांचे पुढारी ज्या विधिमंडळात बसायचे, त्याने भूमिहीनांना कामाचा हक्क कसा काय दिला? मजुरांचे मोर्चे होते, दुष्काळाची धास्तीही होती. पण रोहयोवर खणलेल्या पाझर तलावाचं पाणी झिरपणार कुणाच्या विहिरीत? ज्याला विहीर आहे त्याच्याच. मजूर मुंबईला न जाता सुगीपर्यंत गावात राहणार, आणि खर्चाचा मोठा वाटा शहर उचलणार. ही देवघेव होती म्हणून योजना तगली. यात कुणाचं पाप शोधत बसू नकोस. नुसत्या कळवळ्यावर उभ्या राहिलेल्या योजना मी दुसऱ्या अर्थसंकल्पापर्यंतही पोचलेल्या पाहिल्या नाहीत.

मात्र ती देवघेव पुढे योजनेलाच वाकवते, तिकडे लक्ष ठेव. १९८८ साली रोहयोची मजुरी वाढून जवळपास दुप्पट झाली. कायद्यातला हक्क कुणी काढला नाही, पण त्यानंतर कामांवरची हजेरी घसरली. काम पुरेसं निघालंच नाही, तर हक्क घेऊन मजूर जाणार कुठे? एकीकडे मजूर कामासाठी थांबलेले, दुसरीकडे रोहयोच्या निधीत शिल्लक साठत गेली. १९९० मध्ये फळबाग लागवड रोहयोला जोडली. डाळिंब, आंबा, बोर उत्तम झालं, मी नाकारत नाही. पण झाड लावायला जमीन लागते. भूमिहीनाच्या वाट्याला खड्डे खणायची मजुरी आली.

एक गोष्ट मात्र या योजनेत फार शहाणपणाची होती. दारिद्र्यरेषेची यादी नाही, म्हणून यादीत नाव घालायला सरपंचाच्या पाया पडणं नाही. उन्हात माती उपसायला गरजवंतच येतो. अर्थात म्हातारे, आजारी, अपंग यातून सुटतातच. त्यांचं पेन्शन वेगळं मागावं लागतं.

तालुक्याला गेलीस की तहसील कचेरीतल्या आकड्यांवर थांबू नकोस. वाडीवर जा आणि नमुना ४ भरून कामाची मागणी कुणी केली, विचार. मग पावती मागून बघ. पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता देणं लागतं, आणि ते पंधरा दिवस मागणीच्या तारखेपासून मोजतात. म्हणून पावती द्यायलाच टाळाटाळ होते, दिलीच तर तारीख कोरी सोडतात. कोरी दिसली तर तिथेच, ग्रामसेवकासमोर भरून घे.

तुझा,
काका