ऑरेंज वाईन म्हणजे आपल्या संत्र्याची वाईन नव्हे

प्रश्न : ताई, नमस्कार. वरुड तालुक्यात आमची ४ एकर संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराचा मोठा माल व्यापारी घेऊन जाते पण बारीक माल, आम्ही चुरी म्हणतो, त्याले कोणी विचारत नाही. चुलतभाऊ पुण्याहून आला तर त्यानं मोबाईलवर दाखवलं की परदेशात एक कुटुंब घरच्या घरी नॅचरल ऑरेंज वाईन बनवते अन् बाटली लई महाग जाते. मग आपल्याजवळ तर संत्र्याचे ढीग आहेत, आपण काऊन नाही बनवायची? साल सकट टाकतात म्हणे. बाबा नाही म्हणतात, तुम्ही सांगा.
— एक बागायतदार, वरुड तालुका

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं, कारण माझं माहेरही संत्र्याचं आहे आणि बांधावर सडणारा तो माल मी लहानपणापासून बघितलाय. म्हणून आधीच स्पष्ट सांगते, ऑरेंज वाईनमध्ये संत्रं नसतं. एकही नसतं. ती पांढऱ्या, म्हणजे आपण हिरवी म्हणतो त्या, द्राक्षाची वाईन असते आणि ऑरेंज हे फक्त रंगाचं नाव आहे, ते नावही जुनं नाही, २००४ मध्ये डेव्हिड हार्वे नावाच्या एका ब्रिटिश वाईन आयातदाराने ते वापरलं आणि पुढे तेच रूढ झालं.

रंग येतो तो सालीतून. नेहमीची व्हाईट वाईन करताना हिरवी द्राक्षं दाबून रस लगेच वेगळा करतात, साल बाजूला. रेड वाईनमध्ये काळ्या द्राक्षाची साल रसातच ठेवून आंबवतात. आता हिरव्या द्राक्षाला ही काळ्या द्राक्षाची रीत लावली, म्हणजे साल आणि बिया रसात कधी काही दिवस कधी काही महिने तशाच राहू दिल्या, की रस तांबूस-केशरी होतो आणि चवीला कोऱ्या चहासारखा तुरटपणा येतो, जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, थोडं तसं.

हे जॉर्जिया देशात फार पूर्वीपासून चालत आलंय, तिथल्या मातीच्या भांड्यांत सापडलेले द्राक्षाच्या वाईनचे अंश सुमारे ८००० वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांचं भांडं क्वेव्री, म्हणजे आपला रांजणच समजा पण खूप मोठा, आतून मेणाचा हात दिलेला आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, त्यामुळे आतलं तापमान फार वरखाली होत नाही. काखेती भागात द्राक्षं सालीसकट ५-६ महिने त्यात राहतात. २०१३ मध्ये युनेस्कोने ही पद्धत वारसा यादीत घेतली. तुमच्या भावाने दाखवलं ते कुटुंब कोणतं ते मला माहीत नाही, पण अशा घरांपैकी इटलीच्या स्लोव्हेनिया सीमेजवळचं ग्राव्हनेर कुटुंब प्रसिद्ध आहे. योश्को ग्राव्हनेर आधी आधुनिक स्टीलच्या टाक्यांत छान व्हाईट वाईन करायचे, नाव होतं, तरी मन भरेना म्हणून २००० मध्ये जॉर्जियाला गेले आणि २००१ पासून क्वेव्रीत वाईन करायला लागले. जमलेला धंदा बदलून परत मातीच्या भांड्याकडे जायला हिंमत लागते, मला या माणसाचं खरंच कौतुक वाटतं.

आता तुमच्या संत्र्याकडे येते. संत्र्याची वाईन होते, तिला फ्रूट वाईन म्हणतात. पण द्राक्षात जी साल सगळं काही देते तीच साल संत्र्यात सगळं बिघडवते. संत्र्याच्या सालीतलं तेल, सोलताना डोळ्यात उडतं तेच, ते यीस्टला, म्हणजे रस आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवांना, चालत नाही, आंबवणं रेंगाळतं. आणि बिया व आतल्या पांढऱ्या भागामुळे कडवटपणा येतो. तुम्हाला अनुभव असेलच, नागपुरी संत्र्याचा रस काढल्या काढल्या गोड लागतो अन् तासाभराने कडू. माझ्या आईने एकदा हौसेनं पातेलंभर रस उकळून बाटल्यांत भरला होता, दुसऱ्या दिवशी कोणी तोंडात धरेना, तिचा चेहरा मला अजून आठवतो. याला कारण लिमोनिन नावाचा कडू घटक, तो रस ठेवल्यावर किंवा तापवल्यावर वाढतो. म्हणून फळ हाताने सोलायचं, बिया चिरडायच्या नाहीत, मग रस काढायचा. मजुरी इथेच खाते.

दुसरी अडचण साखरेची. १ लिटर रसात साधारण १७ ग्रॅम साखर असली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. वाईनच्या द्राक्षात २२ ब्रिक्सच्या (म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण २२ ग्रॅम साखर) आसपास गोडी असते म्हणून ती १२ टक्क्यांच्या पुढे जाते, आपल्या संत्र्याच्या रसात १०-११, म्हणजे जेमतेम ६ टक्के, आणि एवढ्या हलक्या वाईनचा व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही. वरून साखर घालावी लागते. घातली तर काही पाप नाही, फक्त मग नॅचरल म्हणून विकू नका आणि लेबलवर ऑरेंज वाईन तर नकोच, संत्र्याची वाईन असं सरळ लिहा, आपल्या संत्र्याला २०१४ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, त्याला उसनं नाव कशाला?

आणि बाबांचं एक ऐका, घरी ड्रम भरून प्रयोग करू नका. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय वाईन बनवणं गुन्हा आहे, मग माल स्वतःच्या बागेतला असो. आधी नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन या, चुरी सोबत न्या, त्याच फळाचा रस, स्क्वॅश, मार्मलेड असं काय जमतं ते विचारा. मार्मलेडमध्ये कडू साल दोष ठरत नाही, उलट तिच्यासाठीच लोक ते घेतात. तुमच्या जागी मी तिथून सुरुवात केली असती.

प्रश्न : भाचीने नॅचरल ऑरेंज वाईनची बाटली आणली. गढूळ आहे, खाली गाळ बसलाय. खराब झाली का? ती म्हणते यात केमिकल नसतं म्हणून डोकं दुखत नाही.
— एक वाचक, यवतमाळ

उत्तर : गाळामुळे घाबरू नका काकू, गाळून न घेतल्यामुळे मेलेलं यीस्ट आणि द्राक्षाचे कण तळाशी बसतात. बाटली दिवसभर उभी ठेवा, हळू ओता. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा वास आला, किंवा गिळल्यावर मागून उंदराच्या बिळासारखी चव आली तर मात्र ती बिघडलेली आहे, फेकून द्या.

नॅचरल म्हणजे साधारणपणे बाहेरचं यीस्ट न टाकता द्राक्षावरच्याच यीस्टने आंबवलेली आणि सल्फाइट, म्हणजे वाईन टिकावी म्हणून घालतात ते रसायन, अगदी कमी किंवा न घातलेली. फ्रान्समध्ये २०२० पासून अशा वाईनसाठी लेबल आहे, त्यात सल्फाइट लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत लागतं, तर युरोपात नेहमीच्या कोरड्या व्हाईट वाईनला २०० पर्यंत चालतं. पण यीस्ट स्वतःही थोडं सल्फाइट तयार करतं, त्यामुळे शून्य कधी नसतं. आणि अल्कोहोल तेवढंच असतं ना, डोकं त्यानेही दुखतंच, भाचीला सांगा.

प्रश्न : वर्ध्याला मोठ्या भावाकडे जाताना अशी एक बाटली भेट म्हणून नेली तर चालेल का?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : नाही. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, आणि वाईनही त्यात आलीच. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली म्हणून लोकांचा गोंधळ होतो. भावासाठी संत्रा बर्फी न्या.