वाचकांचे प्रश्न : पहिला व्हिडिओ कॉल शेजारच्या वर्गाशी

प्रश्न : मी हवेली तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. संगणकाची आवड असल्यामुळे आमच्या केंद्रातील (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातील) शिक्षकांना वर्गात व्हिडिओ कॉन्फरन्सिंग वापरण्यास मदत करण्याचे काम केंद्रप्रमुखांनी माझ्यावर सोपवले. मागच्या शिक्षण परिषदेत मी दोन तास सर्व काही करून दाखवले आणि प्रत्येकाने आपापल्या मोबाईलवर मीटिंग सुरूही केली. त्यानंतर प्रत्यक्ष वर्गात मात्र दोघांनीच ते वापरले, तेही एकदाच. बाकीचे म्हणतात, ‘हे डिसले गुरुजींना जमते, आम्हाला नाही.’ आता मी काय करावे?

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांना बटणे कळत नाहीत, असे मला वाटत नाही. मार्च २०२० नंतर शाळा बंद होत्या, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांनी मोबाईलवर तास घेतले असतील. फरक असा की त्या वेळी प्रत्येक मूल आपापल्या घरी होते, आणि आता तीस मुले एका खोलीत बसून एकाच पडद्याकडे पाहणार आहेत. त्या काळात अंगवळणी पडलेली ‘सर्वांनी माइक बंद ठेवा’ ही शिस्त येथे उपयोगाची नाही, कारण मुलांनी बोलावे यासाठीच तर हा कॉल लावायचा. शिवाय तीस मुलांसमोर पडदा काळा पडला तर काय करायचे, ही धास्ती दोन तासांच्या प्रशिक्षणाने जात नाही. शेजारी कोणी हक्काचे माणूस बसले की ती कमी होते. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, याचा आपल्या सर्वांना अभिमान आहे. पण त्यांनी व्हिडिओ कॉलवरून घडवलेल्या दूरदेशीच्या आभासी सहलींचे उदाहरण पहिल्याच दिवशी समोर ठेवले, तर नवखा शिक्षक मागे सरतो.

म्हणून पहिला कॉल शेजारच्या वर्गाशी लावा. तिसरीच्या वर्गाने चौथीच्या वर्गाशी बोलावे, मध्ये फक्त एक भिंत असावी, आणि आपण त्या शिक्षकांच्या बाजूला खुर्ची घेऊन बसावे, पण माऊसला हात लावू नये. कॉल तुटला तर एक मूल धावत जाऊन निरोप देईल आणि कोणाचीही फजिती होणार नाही. काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत पहिलाच कॉल दूरच्या पाहुण्यांशी लावण्याचा आग्रह धरला होता. आवाज पोहोचलाच नाही, पाहुणे बराच वेळ नुसते हात हलवत राहिले, आणि त्या वर्गाच्या बाईंनी पुढे वर्षभर या गोष्टीचे नाव काढले नाही. घाई माझी होती आणि तिची किंमत त्यांना मोजावी लागली, हे मला आजही सलते. दुसरा कॉल केंद्रातील दुसऱ्या शाळेशी असावा आणि तेव्हा आपण पलीकडच्या वर्गात बसावे. तिसऱ्या वेळी आपण केवळ फोनवर उपलब्ध असलात तरी चालेल. एका शिक्षकाला असे तीन वेळा सोबत करणे हे तीस जणांना एकदा शिकवण्यापेक्षा वेळखाऊ आहे, पण टिकते तेच.

आता आवाजाविषयी सविस्तर लिहितो, कारण बहुतेक कॉल चित्रामुळे नव्हे तर आवाजामुळे फसतात. लॅपटॉपचा माइक हातभर अंतरावरचे बोलणे नीट टिपतो. मागच्या ओळीतील मुलाचा आवाज त्याला पंख्याच्या घरघरीतून वेगळा काढता येत नाही. त्यामुळे कॉलपुरते पंखे बंद ठेवावेत, आणि छप्पर पत्र्याचे असेल तर पावसाळ्यात कॉल सकाळच्या उघडिपीत उरकावा. मूल प्रश्न विचारताना सवयीने आपल्या बाईंकडे तोंड करते, पडद्याकडे नाही, आणि पलीकडे फक्त पुटपुटणे ऐकू जाते. मी पाहिलेल्या एका वर्गात बाईंनी यावर साधा उपाय केला होता. त्यांनी स्टुलावर पाठ्यपुस्तकांची चळत रचून तिला मोबाईल टेकवून ठेवला होता आणि त्याच्यासमोर दोन पावलांवर फरशीवर खडूने एक गोल काढला होता. ज्याचा प्रश्न त्याने त्या गोलात येऊन उभे राहायचे, आपले नाव सांगायचे आणि मग बोलायचे. एरवी तोंडातून शब्द न काढणारी एक मुलगी त्या गोलात उभी राहून खणखणीत आवाजात बोलली, कारण तिथे उभे राहिल्यावर तिची पाळी कोणी हिरावून घेऊ शकत नव्हते.

एका खोलीतून एकच उपकरण जोडावे. दोन मोबाईल जवळजवळ चालू राहिले की एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. खिडकी मुलांच्या पाठीशी नको, नाहीतर चेहरे काळे दिसतात. बोलणे पलीकडे पोहोचून उत्तर येईपर्यंत क्षणभराचा अवधी लागतो. त्या शांततेत शिक्षक घाबरून स्वतःच बोलू लागतात आणि दोन्हीकडचे शब्द एकमेकांवर आदळतात, तेव्हा मनात तीन अंक मोजण्याची सवय त्यांना लावा. झूमची मोफत बैठक ४० मिनिटांनी बंद होते, पण प्राथमिकच्या मुलांना २० मिनिटे पुरेशी आहेत. आपल्याकडील जुन्या टिपणांत स्काइप असेल तर ते काढून टाका. ती सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली.

राहिला प्रश्न बोलायचे काय याचा, आणि खरी गोडी इथेच आहे. आपल्या पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्री आहे आणि पूर्वेला पर्जन्यछायेचा प्रदेश. जुलैमध्ये मुळशीतील एका वर्गाने आणि इंदापुरातील एका वर्गाने आठवडाभर एकाच मापाच्या सरळ भांड्यात पावसाचे पाणी मोजावे आणि शनिवारी एकमेकांना आकडे सांगावेत. ताम्हिणीच्या बाजूच्या मुलांचे भांडे भरून वाहते आणि इंदापूरच्या मुलांच्या भांड्याचा तळ कधी कधी जेमतेम ओला होतो, हे समोरासमोर कळले की ‘असे का?’ हा प्रश्न मुलेच विचारतात आणि ढग डोंगराला अडतात हा परिसर अभ्यासाचा धडा त्यांना शोधून काढल्यासारखा वाटतो. हिवाळ्यात गाव ओळखण्याचा खेळ घ्यावा. दोन्ही वर्गांनी गावाचे नाव लपवायचे आणि फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. ‘तुमच्याकडे ऊस होतो का? धरणाचे पाणी दिसते का? रोहित पक्षी येतात का?’ इथवर आलेला वर्ग उजनी धरणाच्या फुगवट्यावरचे भिगवण नकाशात शोधल्याशिवाय राहत नाही. प्रश्न आदल्या दिवशी पाटीवर लिहून घ्यावेत. तयारीशिवाय लावलेल्या कॉलमध्ये मुले ‘जेवलात का?’ यापुढे जात नाहीत.

नेटवर्क गेले तर साधा फोन लावून स्पीकर चालू करावा. खेळ तसाही पूर्ण होतो.

प्रश्न : आमच्या शाळेत असे कॉल सुरू झाले आहेत. पालकांना दाखवण्यासाठी त्यांचे रेकॉर्डिंग करून गावाच्या ग्रुपवर टाकावे का? (एक मुख्याध्यापक, मावळ)

उत्तर : टाकू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती मागितली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, अडखळलेले मूल गावभर पाहिले जाणे योग्य नाही. कॉलसाठी पालकसभेत संमतीपत्र घ्या, मुलांना केवळ पहिल्या नावाने बोलवा, लिंक फक्त पलीकडच्या शिक्षकांना पाठवा आणि प्रवेश आपण दिल्याशिवाय कोणी आत येणार नाही अशी मांडणी ठेवा. पालकांना दाखवायचेच असेल, तर मुलांनी काढलेला पावसाचा तक्ता दाखवा.

प्रश्न : पहिली-दुसरीच्या मुलांसाठी हे योग्य आहे का? (एक शिक्षिका, कोथरूड)

उत्तर : दहा मिनिटांपुरते आणि ओळखीच्या माणसाशी असेल, तर निश्चित योग्य आहे. वर्गातील एखाद्या मुलाची आजी गावी असेल आणि तिच्या घरी दळण्याचे जाते असेल, तर तिने ते फिरवून दाखवावे, एखादी ओवी म्हणावी आणि मुलांनी दोन प्रश्न विचारावेत. त्यानंतर पडदा बंद करून मूठभर ज्वारी आणि पीठ मुलांच्या हाती द्यावे.