मोबाईलवरून पॉइंट हलवायचे? आधी बोर्डाखाली वाका

धुळ्याच्या भाऊंचा प्रश्न वाचला. आठ बाय चार फुटांचा प्लायवूड, त्यावर एचओ स्केलचा (खऱ्याच्या ८७ पट लहान) मॉडेल रेल्वेचा लेआउट, सहा पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे), त्यातले दोन कॉइलवाल्या मोटरवर आणि चार अजून बोटानेच ढकलतात, एक फाटक, स्टेशनचे दिवे, आणि हे सगळं मोबाईलवरून चालवायचंय. ब्लूटूथ घेऊ की वायफाय, आणि घरात आठ चॅनेलचा रिले बोर्ड (विजेने लागणारे आठ स्विच) पडलाय तो चालेल का, असं विचारलंय. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझे वडील भुसावळला रेल्वेच्या सिग्नल केबिनवर होते, लिव्हर ओढायचं काम. ते म्हणायचे, लिव्हर ओढला म्हणजे पॉइंट बसला असं नसतं, तिकडून कळलं पाहिजे. खऱ्या रेल्वेत पॉइंटची जीभ (सरकणारा टोकदार रूळ) रुळाला नीट चिकटली, लॉक झाली, हे डिटेक्शनमधून आल्याशिवाय सिग्नल मिळतच नाही. आणि आपण काय करतो, मोबाईलवरचं बटण हिरवं झालं की समजतो पॉइंट फिरला. अहो ते बटण एवढंच सांगतं की तुम्ही बोट लावलं. मोबाईल हा या कामातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात शेवटचा भाग आहे, बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि मग महिनाभर ॲप बदलत बसतात, दोष असतो बोर्डाखाली.

तर आधी तुमच्या दोन कॉइलवाल्या मोटरी. त्यांना करंट हवा तो क्षणभर, जोरात, आणि लगेच बंद. मी पहिल्यांदा केलं तेव्हा रिले थेट लावला, प्रोग्राममध्ये ८० मिलिसेकंद लिहिले आणि खुश झालो. एका संध्याकाळी वायफाय तुटलं, प्रोग्राम नेमका मधेच अटकला, रिले चालूच राहिला आणि मला कळलं ते वासावरून. कॉइल गेली, वर प्लास्टिकही वाकलं. चूक माझीच, मोटरीची नाही. तेव्हापासून कॉइलला कपॅसिटर डिस्चार्ज युनिट लावल्याशिवाय हात लावत नाही. आत एक मोठा कपॅसिटर असतो, २२०० ते ४७०० मायक्रोफॅरडचा, तो भरतो आणि एका झटक्यात कॉइलमध्ये रिकामा होतो. रिले चिकटून राहिला तरी कपॅसिटर पुन्हा भरत नाही, म्हणजे कॉइल वाचते. तयार मिळतं, घरी पण बनतं.

म्हणजे तुमचा रिले बोर्ड चालेल, पण या युनिटमागूनच. दोन मोटरींच्या चार कॉइल म्हणजे चार रिले, उरलेले चार दिव्यांना. फक्त एक बघा, असले बरेचसे बोर्ड उलटे असतात, पिन शून्यावर गेली की रिले लागतो, त्यामुळे पॉवर देताना सगळे रिले एकदम टकटक करतात. सुरुवातीलाच पिन वर खेचून ठेवायची, आणि ज्या पिना बूटच्या वेळी स्वतःच्या मनाने हलतात त्या रिलेला द्यायच्याच नाहीत. ईएसपी-३२ (प्रोग्राम चालवणारा, वायफायवाला छोटा बोर्ड) घेतलात तर त्याची शून्य नंबर आणि १२ नंबरची पिन सोडूनच द्या. ३४ ते ३९ नंबरच्या पिना फक्त इनपुटच्या आहेत, त्यावर रिले लावून दोन दिवस डोकं फोडणारे लोक मी पाहिलेत (त्यात मी पण आलो).

उरलेले चार पॉइंट सर्व्होवर घ्या, म्हणजे सांगितलेल्या कोनावर फिरून थांबणारी छोटी मोटर. साधा एसजी-९० सर्व्हो, नऊ ग्रॅमचा, पोरं रोबोट करायला वापरतात तो. पॉइंट हळू सरकतो, खऱ्यासारखा, कॉइलसारखा खटॅक आवाज नाही. सर्व्हो आणि पॉइंटच्या मधे जाड कडक तार लावू नका, गिटारची स्टीलची तार किंवा तसलीच लवचिक तार घ्या आणि मधे एक वळण ठेवा, म्हणजे सर्व्हो थोडा जास्त फिरला तरी तार झेलते, जीभ मोडत नाही. तुमचे पॉइंट पेको कंपनीचे असतील तर आत एक स्प्रिंग असते, अर्ध्यावर गेली की ती स्वतःच पलीकडे उडी मारते. सर्व्होने हळू न्यायचं असेल तर मी ती काढून टाकतो. पण मग जीभ रुळाला टेकवून धरायचं काम सर्व्होचं, आणि फ्रॉग (पॉइंटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) धातूचा असेल तर त्याची पोलॅरिटी बदलायला सर्व्होशेजारी एक मायक्रोस्विच लावा. लागलीच तो स्विच दोन वेगळ्या कॉन्टॅक्टचा घ्या, एक फ्रॉगला आणि एक डिटेक्शनला, वडिलांचं म्हणणं तिथे कामी येतं.

आता आपल्याकडची खास गोष्ट, जी परदेशी व्हिडिओत कोणी सांगत नाही. ऊन. माझा लेआउट वरच्या खोलीत, वर पत्रा, मे महिन्यात बाहेर ४५ असतं तेव्हा आत काय असेल ते तुम्हाला सांगायला नको. पहिल्या वर्षी सर्व्हो मी ग्लू गनने चिकटवले होते. मे महिन्यात एकेक करून लटकायला लागले, मोबाईलवर बटण हिरवं आणि खाली सर्व्हो वायरला लोंबकळत घूं घूं करून राहिला. थ्री-डी प्रिंटचे ब्रॅकेट केले तर ते साध्या पीएलए प्लास्टिकचे, ते ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं, ताणाखाली तर त्याच्याही आधी हळूहळू वाकतं. शेवटी ॲल्युमिनियमची पट्टी वाकवली आणि दोन स्क्रू मारले, आजतागायत हललं नाही. रुळाचंही तेच, दहा फुटाच्या रुळात हिवाळा-उन्हाळ्याचा फरक दीड मिलिमीटरपर्यंत जातो, पॉइंटला लागून फट ठेवली नाही तर तो पॉइंटलाच ढकलतो आणि मग तुम्ही म्हणणार ॲप बिघडलं.

पॉवर. सर्व्हो कधीच ईएसपीच्या पाच व्होल्टवरून चालवू नका. एक सर्व्हो अडकला तर अर्ध्या अँपिअरच्या वर खेचतो, चार एकदम हलले की व्होल्टेज पडतं, ईएसपी रीस्टार्ट होतं आणि मोबाईल म्हणतो कनेक्शन गेलं. लोक राऊटर बदलतात, भाऊ, राऊटर! वेगळी पाच व्होल्ट तीन अँपिअरची पॉवर सप्लाय, हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि दोन्हींचा ग्राउंड एकत्र. सर्व्होला सिग्नल द्यायला पीसीए-९६८५ चा बोर्ड घ्या, दोन तारांवर १६ सर्व्हो चालतात, फाटकही त्यावरच येईल. आणि लोडशेडिंग विसरू नका. लाईट आली की सर्व्होला आपण कुठे होतो ते माहीत नसतं, पहिला सिग्नल मिळाला की तिकडे तो पूर्ण वेगाने झेप घेतो. म्हणून प्रत्येक पॉइंटची शेवटची जागा ईएसपीच्या मेमरीत लिहून ठेवायची आणि उठल्यावर तीच द्यायची. हलून झालं की सर्व्होचा सिग्नल बंद, म्हणजे तो रात्रभर कुरकुरत नाही.

आता मोबाईल. ब्लूटूथ की वायफाय, तर वायफाय. एचसी-०५ वालं जुनं ब्लूटूथ आयफोनला जोडलंच जात नाही, आणि एका वेळी एकच फोन. ईएसपी-३२ स्वतःच वायफाय सोडतं, फोन त्याला जोडायचा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.४.१ टाकायचं, ट्रॅकचा नकाशा उघडतो, पॉइंटवर बोट लावायचं. ॲप लागत नाही, इंटरनेट लागत नाही. एकच खोड, अँड्रॉइड फोन बघतो की या वायफायला इंटरनेट नाही आणि गुपचूप मोबाईल डेटावर सरकतो. तो विचारतो तेव्हा "जोडलेलं राहू दे" म्हणायचं, नाहीतर डेटा बंद ठेवायचा. घरच्या राऊटरवर टाकलं तर लक्षात ठेवा, साधं ईएसपी-३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, पाचवालं त्याला दिसतच नाही.

गाड्या डिजिटलवर असतील, म्हणजे डीसीसी (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा आदेश जातो ती पद्धत), तर वेगळा रस्ता आहे. डीसीसी-ईएक्स हे फुकट सॉफ्टवेअर अर्डुइनो मेगावर टाकून कमांड स्टेशन बनतं, तोच पीसीए बोर्ड त्याला जोडता येतो, आणि अँड्रॉइडवर इंजिन ड्रायव्हर हे ॲप गाडी आणि पॉइंट दोन्ही चालवतं. कॉम्प्युटर किंवा रास्पबेरी पाय (छोटा स्वस्त कॉम्प्युटर) असेल तर जेएमआरआय, मॉडेल रेल्वे चालवायचं सॉफ्टवेअर. तुम्ही साध्या डीसीवर आहात असं प्रश्नावरून वाटतं, मग त्यात आत्ता पडू नका. पण पुढे गेलात तर पॉइंटच्या डिकोडरला (डीसीसीचा आदेश वाचून पॉइंट हलवणाऱ्या सर्किटला) पॉवर रुळातून देऊ नका. इंजिन चुकीच्या पॉइंटवर चढलं की शॉर्ट होतो, रुळाची पॉवर जाते, आणि तो पॉइंट सरळ करायला लागणारी पॉवर पण त्यातच गेलेली असते. मग इंजिन हाताने उचला.

माझा स्वतःचा लेआउट पाचोरा-जामनेर या नॅरोगेज लाईनचा आहे, आपली पीजे. ७६२ मिलिमीटरचा गेज, त्याला ८७ ने भागा, पावणेनऊ येतात, म्हणजे एन या एचओहून लहान स्केलचा नऊ मिलिमीटरचा ट्रॅक एचओच्या डब्यांखाली जवळजवळ नेमका बसतो. ब्रॉडगेजचं असं होत नाही, १६७६ ला भागलं तर १९ च्या वर येतं आणि आपण चालवतो साडेसोळावर, त्यावर कोणी बोलत नाही. तर या लेआउटवर शेंदुर्णी स्टेशनला माझी एक लूप (बाजूची लाईन) आहे, आणि दिवाळीत पुतण्या आणि भाची दोघं दोन फोन घेऊन बसले. एकाने लूपकडे पॉइंट लावला, दुसरीने गाडी वर असतानाच सरळ केला. तीन डबे रुळावर, दोन खाली आणि दोघांच्या फोनवर वेगवेगळं चित्र! तेव्हापासून दोन गोष्टी केल्या. पान वेबसॉकेटवर आणलं, एका फोनवर हललं की दुसऱ्यावर लगेच दिसतं. आणि इंटरलॉकिंग, म्हणजे धोका असेल तर पॉइंट अडवून धरायचा नियम, फोनमध्ये नाही, ईएसपीमध्ये लिहिलं, लूपमध्ये गाडी असल्याचा आयआर सेन्सर सांगत असेल तर पॉइंट कोणीही मागितला तरी हलत नाही. बटण दाबलं की ते पिवळं होतं, मायक्रोस्विच कडून उत्तर आलं की हिरवं, दोन सेकंदात उत्तर नाही तर लाल. हे एवढं केलं आणि अर्ध्या तक्रारी संपल्या.

शिवाय बोर्डाच्या कडेला प्रत्येक पॉइंटला एक साधं पुश बटण ठेवाच. शंटिंग करताना एक हात कंट्रोलरवर, नजर गाडीवर, अशा वेळी काचेच्या स्क्रीनवर न बघता बोट लावता येत नाही. मी स्वतः पॉइंटसाठी बटणंच जास्त वापरतो, फोन घेतो तो पाहुणे आल्यावर आणि एका बोटात पूर्ण रूट लावायचा असेल तेव्हा. रूट लावताना पॉइंट एकामागून एक हलवा, तुमच्या दोन कॉइलमध्ये अर्धा-एक सेकंद सोडा, कपॅसिटर भरू द्या.

दिवे सोपे आहेत, १२ व्होल्टवर प्रत्येक एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर, चालले. फाटक सर्व्होवर, फक्त वेग कमी ठेवा आणि खाली येताना शेवटी थोडं थरथरलं तर छान दिसतं.

सहाही पॉइंट एकदम खोलू नका. सगळ्यात पुढचा, हात पोचतो असा एकच घ्या, सर्व्हो, मायक्रोस्विच, वेगळी पॉवर, आणि मोबाईलशिवाय फक्त पुश बटणावर शंभर वेळा हलवून बघा. अटकला नाही तर मगच वायफाय. तोवर एक काम करा, पॉइंटच्या खालचा फोटो टाका, फ्रॉग प्लास्टिकचा आहे की धातूचा ते दिसलं पाहिजे, त्यावरून मायक्रोस्विचचं वायरिंग काढून देतो.