नोटीस तुझ्या नावाने येईल

प्रिय मित्रा,

तुझी बातमी मिळाली. सोबतची ओळही वाचली: 'न्यायालयाच्या चाळीस पानी आदेशाचा सारांश एआयकडून करून घेतलाय, कायद्याची काही अडचण नाही ना?' फोनवर 'आहे' एवढं सांगून मोकळी झाले असते. पण मग पुढच्या वेळी तू न विचारताच तेच केलं असतंस. म्हणून लिहायला बसले.

आधी तुझा तिसरा परिच्छेद बघ. त्या अधिकाऱ्यावर अपहाराचा आरोप निश्चित करायला प्रथमदर्शनी पुरेसा आधार आहे, असं आदेश म्हणतो. सारांशात त्याचं झालंय, 'अपहार झाल्याचे न्यायालयाने मान्य केले.' वाक्य सुटसुटीत आहे, मथळ्यालाही उपयोगी पडेल. फक्त खरं नाही. आरोप निश्चित होतो तेव्हा खटला कुठे सुरू होत असतो. यंत्राने 'प्रथमदर्शनी' हा शब्द अडगळ समजून काढून टाकला, आणि उद्या बदनामीचा दावा झाला तर आपल्या बाजूने बोलणारा तोच एक शब्द होता.

ही चूक यंत्राने शोधून काढलेली नाही बरं का. मी डेस्कवर नवी असताना 'चौकशीसाठी ताब्यात' हा मथळा दोन कॉलमांत बसेना, म्हणून मी 'अटक' केलं. तीन अक्षरं. त्या गृहस्थांना पोलिसांनी संध्याकाळीच घरी सोडलं होतं. आठवड्याभरात वकिलाची नोटीस आली, आम्ही त्याच पानावर खुलासा आणि दिलगिरी छापली. ते कात्रण अजून माझ्या खणात आहे. माझ्या हातून असं एकदा झालं. तुझ्या हातातलं अवजार हे दिवसाला पन्नास वेळा करू शकतं, आणि दर वेळी तितक्याच आत्मविश्वासाने. संशयित, आरोपी आणि दोषी. जामिनावर सुटका आणि निर्दोष सुटका. हे शब्द त्याला एकमेकांचे शेजारी वाटतात. भाषांतरात तर हमखास गोंधळ होतो. इंग्रजीतला 'डिस्चार्ज' कधी 'निर्दोष मुक्तता' होऊन येतो. खटला न चालताच आरोपातून मोकळं होणं वेगळं आणि खटला चालून निर्दोष ठरणं वेगळं, हे फौजदारी बातम्या करणाऱ्याला झोपेतसुद्धा माहीत असायला हवं.

'पण चूक कंपनीच्या यंत्राची, मग जबाबदार कंपनीच ना?' असं तू म्हणशील. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला एक खटला सांगते. एका पत्रकाराने एका दाव्याचा सारांश चॅटजीपीटीला मागितला. चॅटजीपीटीने मार्क वॉल्टर्स या रेडिओ निवेदकावर पैशांच्या अफरातफरीचा आरोप असल्याचं सांगितलं. वॉल्टर्सचा त्या दाव्याशी संबंधच नव्हता. त्यांनी 2023 मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीवर बदनामीचा दावा लावला आणि मे 2025 मध्ये तो हरले. न्यायालयाने दिलेल्या कारणांपैकी दोन तुझ्या कामाची आहेत. एक, उत्तर चुकीचं असू शकतं अशी सूचना कंपनीने दिलेली होती. दुसरं, त्या पत्रकाराने उत्तरावर विश्वास ठेवला नाही. तपासलं आणि छापलं नाही.

आता हेच तुझ्या बाजूने लावून बघ. समज त्या पत्रकाराने छापलं असतं. जी सूचना कंपनीच्या कामी आली, तीच त्याच्या अंगावर आली असती. 'हे यंत्र चुकतं हे तुम्हाला पडद्यावर रोज दिसत होतं ना? मग तपासलं का नाही?' उलटतपासणीतला पहिला प्रश्न हा असेल. बदनामीच्या कायद्यात निष्काळजीपणाला बरंच महत्त्व असतं, देशोदेशी मोजमाप वेगळं असलं तरी. आणि 'मी फक्त दुसऱ्याचं म्हणणं छापलं' हा बचाव माणसांचं म्हणणं छापतानाही सहसा टिकत नाही, यंत्राचं तर सोडच.

तपासायचं म्हणजे त्यालाच परत विचारायचं नाही. न्यूयॉर्कमध्ये एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे न्यायालयात सादर केले. त्यांच्यापैकी एकाने 'हे निवाडे खरे आहेत ना?' असं त्यालाच विचारलं होतं. हो म्हणालं! जून 2023 मध्ये 5,000 डॉलर दंड झाला. मी हे हसण्यावारी नेत नाही, कारण रात्री अकराला पान सोडायची घाई असताना आपणही तेच करू.

अवतरणांबद्दल तर माझं मत कडक आहे. माणसाने न उच्चारलेलं वाक्य अवतरणचिन्हात गेलं की ती चूक राहत नाही, ते खोटं होतं. 2023 च्या एप्रिलमध्ये 'डी अक्टुएले' या जर्मन साप्ताहिकाने मोटारशर्यतींचे विश्वविजेते मिखाएल शूमाखर यांची 'मुलाखत' मुखपृष्ठावर लावली. 2013 च्या अपघातानंतर शूमाखर लोकांसमोर आलेलेच नाहीत. सगळी उत्तरं एआयची होती. तसा उलगडा आत मजकुरात केलेला होता. त्याने काही बचाव झाला नाही. संपादकांची नोकरी गेली आणि कुटुंबाला 2 लाख युरो भरपाई मिळाली. तू असं करणार नाहीस, ठाऊक आहे. पण लांबलेली मुलाखत 'जरा नीट करून दे' म्हणून तू यंत्राला देतोस, तेव्हा ते अवतरणांच्या आतही हात घालतं. ध्वनिमुद्रण कानाला लावून प्रत्येक अवतरण पडताळायचं, त्याला पर्याय नाही. आवाजाचंही तसंच. कुणाचा आवाज नकलून त्याच्याच तोंडी दुसऱ्या भाषेत बोलणं घालायचं असेल, तर लेखी परवानगी घे. अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या एआय नकलांना मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये मनाई केली, ती बातमी आठवत असेल.

यापेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती तू यंत्राला काय देतोस याची. तुझ्या सूत्राने नाव न छापण्याच्या अटीवर दिलेली माहिती, त्याच्याशी झालेल्या बोलण्याची टिपणं, अत्याचार झालेल्या मुलीच्या जबाबाची प्रत. हे सगळं तू एका चौकटीत चिकटवतोस आणि नंतर संभाषण पुसून टाकतोस. पुसलं म्हणजे गेलं, असं तुला वाटतं. न्यूयॉर्क टाइम्सने डिसेंबर 2023 मध्ये ओपनएआयवर स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, दावा लावला. त्याच दाव्यात मे 2025 मध्ये न्यायालयाने कंपनीला आदेश दिला की वापरकर्त्यांनी पुसलेली संभाषणंसुद्धा जपून ठेवा. पुढे काही महिन्यांनी ते बंधन सैल झालं, पण गंमत बघ: एका वृत्तपत्राच्याच खटल्यामुळे जगभरच्या किती पत्रकारांची पुसलेली टिपणं तिथे पडून राहिली असतील! सूत्राला दिलेला शब्द तू पाळशील, पण तो सर्व्हर तुझ्या शब्दाने बांधलेला नाही.

पीडितेची ओळख उघड करणं बऱ्याच देशांत गुन्हा आहे, आणि ओळख फक्त नावाने उघड होत नाही. तू नाव काढतोस. यंत्र बातमी 'भरीव' करताना शाळा, वडिलांचा व्यवसाय, वस्ती हे तुकडे तुझ्याच कागदपत्रांतून उचलून शेजारी शेजारी मांडतं. त्या वस्तीतल्या माणसाला मग नावाची गरजच उरत नाही. अशा बातम्या तू हातानेच लिही. हळू लिहिलीस तरी चालेल.

स्वामित्वहक्काचं थोडक्यात सांगते, कारण ते अजून न्यायालयांत घोळतंय. दिल्ली उच्च न्यायालयात एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर 2024 मध्ये ओपनएआयविरुद्ध दावा लावला, अमेरिकेत तर असे दावे कितीतरी आहेत. ते कंपन्यांचं भांडण झालं. तुझा प्रश्न एवढाच की यंत्राने दिलेला परिच्छेद दुसऱ्या कुणाच्या बातमीचा निघाला तर उत्तर तुला द्यावं लागेल. चित्रांतही हे होतं. स्टेबिलिटी एआय या कंपनीच्या यंत्राने काढलेल्या काही चित्रांत गेटी इमेजेस या छायाचित्रं विकणाऱ्या कंपनीची पुसट, वेडीवाकडी खूण उमटलेली सापडली आणि प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेलं. आणि उलट बाजूही आहे. निव्वळ यंत्राने केलेल्या कृतीला स्वामित्वहक्क मिळत नाही, असं अमेरिकेच्या अपील न्यायालयाने मार्च 2025 मध्ये सांगितलं. म्हणजे सगळी बातमी त्याच्याकडून लिहून घेतलीस आणि कुणी ती चोरली, तर तुला तक्रारही धड करता येणार नाही.

'एआयच्या मदतीने' अशी तळटीप टाकली की सुटलो, असं तुमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना वाटतं. युरोपीय संघाच्या 2024 च्या एआय कायद्यातली एक तरतूद मला म्हणून आवडते. सार्वजनिक हिताच्या विषयावर यंत्राने लिहिलेला मजकूर छापताना तसं सांगायचं. पण माणसाने तो तपासलेला असेल आणि संपादकीय जबाबदारी कुणीतरी घेतलेली असेल, तर सूट आहे. बघितलंस? वजन तळटिपेपेक्षा तपासणाऱ्याला आहे. पण 'तपासलं होतं' हे दाखवायचं कशाने? आमच्या वेळी कॉपीवर लाल शाईच्या खुणा असायच्या आणि खाली आद्याक्षरं. तू एक साधी फाइल ठेव. कुठलं साधन वापरलं, काय विचारलं, मूळ कागदाच्या कुठल्या पानाशी ताडून पाहिलं, काय बदललं, तारीख, वेळ. कंटाळवाणं काम आहे. नोटीस आली की वकील पहिल्यांदा तीच फाइल मागेल.

तुझी बातमी परत पाठवते आहे. 'मान्य केले' खोडलंय, त्या जागी आदेशातलं वाक्य जसंच्या तसं घाल. सहाव्या परिच्छेदात अधिकाऱ्याची बाजू आहे असं सारांश म्हणतो, पण ती आदेशातल्या वकिलांच्या युक्तिवादातून उचललेली दिसते. तू स्वतः त्यांना फोन केलास का? नसेल तर आज कर. आणि आदेशाची चाळीस पानं मलाही पाठव, एकविसावं पान तू पाठवलेल्या प्रतीत नाही.

तुझी,
जुन्या डेस्कवरची ताई