तलावाकाठचा फ्लॅट घेताना पाळीचं (बांधाचं) अंग आणि पाण्याची पातळी बघा

प्रश्न असा आहे: पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावात तलावाला लागून सहा मजली 'लेक व्ह्यू' अपार्टमेंट होतंय. २४ फ्लॅट, बाजारपेठ आणि बसस्थानक पायी दहा मिनिटांवर. बिल्डर बुकिंगचे एक लाख मागतोय, द्यावेत का?

आत्ताच नको. ब्रोशरवरचा तलाव बहुधा ऑक्टोबरातला असतो, राहायचं मात्र बारा महिने आहे.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे बरेचसे गावतलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यातले. उताराला आडवी मातीची पाळ घालून पाणी अडवलेलं. त्यामुळे काठाची तीन अंगं होतात आणि बिल्डर तिन्हींचा भाव सारखाच सांगतो. पहिलं पाळीच्या खालचं, जिकडे तुडुमातून (पाणी सोडायच्या दारातून) पाट निघतो. मातीच्या पाळीतून पाणी झिरपतच असतं. धानाच्या बांध्यांना ते मानवतं, इमारतीच्या पायाला नाही. दुसरं पाळीच्या समोरचं, म्हणजे तलावाचं पोट. तिथे जमीन सपाट असते, पाणी हातभर चढलं की शे-दीडशे फूट आत सरकतं आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त मागे हटतं. तिसरं अंग म्हणजे पाळीची टोकं, जिथे ती उंच बरडी जमिनीला टेकते. माझ्या मते घ्यायचंच तर इथे. फक्त सांडवा (जादा पाणी बाहेर पडायची वाट) कुठल्या टोकाला आहे ते बघून दुसरं टोक धरा.

मग पातळी. तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असेल तर तिथून, नाहीतर नगरपरिषदेतून पूर्ण संचय पातळी (तलाव पूर्ण भरल्यावरची) आणि पाळीच्या माथ्याची पातळी मागा. कागद मिळत नसेल तर एखादा सर्व्हेअर घेऊन सांडव्याचा माथा, पाळीचा माथा आणि प्लिंथ (इमारतीचं जोतं) यांची लेव्हल काढा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. प्लिंथ पाळीच्या माथ्यापेक्षा खाली निघाली तर विषय सोडा. तलावाऐवजी नदी असेल, वैनगंगेसारखी, तर निळी आणि लाल पूररेषा बघायची: निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळीच्या आत बांधकाम नाही, दोन्हींच्या मधे अटींवर. भंडारा-पवनीकडे २०२० च्या ऑगस्टअखेरचा पूर कुठवर आला होता हे पानठेलेवालाही भिंतीवर हात ठेवून दाखवतो. ते विचाराच.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट संडासाची. तालुक्याच्या गावांत भूमिगत गटार क्वचितच असते, म्हणून सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. शोषखड्डा चालतो तो आजूबाजूची माती कोरडी असल्यावर. तलावाकाठी पावसाळ्यात भूजल इतकं वर येतं की खड्डा बाहेरूनच भरतो, सांडपाण्याला जायला वाव राहत नाही आणि तळमजल्याच्या कमोडमधून ते उलटं येतं. मग कोणीतरी रात्रीतून पाइप नाल्यात सोडतो, नाला तलावात जातो, आणि 'लेक व्ह्यू'ला वास लागतो. २४ फ्लॅटला सांडपाणी प्रक्रिया संयंत्र आहे का, ओव्हरफ्लो कुठे जातो, हे प्लंबिंगच्या नकाशावर बोट ठेवून विचारा.

लिफ्टचा खड्डाही जमिनीखाली दीडेक मीटर असतो. ऑगस्टअखेर साइटवर जा आणि त्यात टॉर्च मारा. पाणी दिसलं तर बॉक्स वॉटरप्रूफिंग (खड्ड्याच्या तळाला आणि भिंतींना पाणी अडवणारा थर) झालेलं नाही किंवा फसलंय. तीच गत पिण्याच्या पाण्याच्या जमिनीखालच्या टाकीची. तिला भेग पडली की बाहेरचं पाणी आत येतं.

माती कन्हार (काळी चिकण) असेल तर ती ओली झाली की फुगते आणि मे महिन्यात भेगाळते. माती परीक्षणात फ्री स्वेल इंडेक्स (माती पाण्यात किती फुगते त्याचं माप) ५० टक्क्यांच्या वर असेल तर उथळ फूटिंगवर भरवसा नको. राफ्ट (इमारतीखाली सलग स्लॅबचा पाया) की पाइल (खोल खांबांचा), ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीच्या नकाशावर बघा.

कागद. २४ फ्लॅट म्हणजे महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची) नोंदणी बहुधा लागणारच, फ्लॅट आठपेक्षा जास्त आणि भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असला की ती सक्तीची. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसला तर परवानगीचा आदेश मागा. जमिनीचा काही भाग निस्तार पत्रकात (गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींच्या नोंदीत) आहे का ते तलाठ्याकडे तपासा आणि सरकारी मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत घ्या. इमारत आणि पाणी यांच्यामधली पट्टी कोणाची, हेही विकास आराखड्यात बघा. ती खाजगी असेल तर पाच वर्षांनी तुमच्या बाल्कनीसमोर दुसऱ्याची बाल्कनी. आपल्याकडे सोसायटीऐवजी बहुधा १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र होतं. त्यात देखभालखर्च अविभक्त हिश्श्याच्या (जमीन आणि सामाईक जागेतल्या प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याच्या) टक्केवारीनं पडतो, मोठ्या फ्लॅटला जास्त.

तलाव पश्चिमेला असेल तर ऊन दुपारभर बाल्कनीत, वर पाण्याची तिरीप. ४५ अंशांत तो व्ह्यू पडद्याआडच राहतो. पूर्वेला किंवा उत्तरेला तलाव असलेला फ्लॅट मागा. आणि काठावर बेशरमाची झुडपं माजली असतील तर डासांच्या जाळ्यांचा खर्च आत्ताच धरा.

पायी दहा मिनिटं म्हणजे सातआठशे मीटर. ते एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी आणि एकदा रात्री आठनंतर चालून बघा. पाळीवरचा रस्ता दिवसा जवळचा असतो, पण दिवे नसले तर पावसाळ्यात सापांमुळे लांबचाच धरावा लागतो.

एवढं जुळलं तर एक लाख द्या, चेकने. पावतीवर महारेरा क्रमांक, फ्लॅट नंबर, कार्पेट एरिया आणि 'कर्ज नामंजूर झाल्यास पूर्ण परत' हे लिहून घ्या.