हळवी आहेस, म्हणून शाळा टाळू नकोस

संगीत विशारद पूर्ण झालंय, गावातल्या शाळेत संगीतशिक्षिकेची जागा चालून आली आहे, पण पाऊल पुढे पडत नाही, असं तू लिहिलं आहेस. सातवीत बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." ते अजून सलतं. आता एखादं लहान मूल सुरात गायलं तरी तुझे डोळे भरतात. ‘एवढ्या हळव्या मुलीला वर्ग झेपेल का?’ असं विचारतेस.

झेपेल. गणित चुकलं तर वहीत चुकतं, पान उलटता येतं. सूर चुकला की अख्ख्या वर्गाला ऐकू जातो. ही भीती तुला आतून माहीत आहे, म्हणून सुरुवातीला कुणालाच एकट्याने उभं करू नकोस. आधी सगळा वर्ग, मग एक बाक, मग दोघं; एकट्याने गायचं ते हौस असेल त्यानेच.

सातवी-आठवीतल्या मुलग्यांना जप. आवाज फुटायला लागला की कालपर्यंत काळी चारच्या उंच पट्टीत सहज गाणाऱ्या पोराचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, चिरकतो आणि वर्ग हसतो. त्या एका हसण्यानंतर गाणं कायमचं सोडलेली मुलं मी पाहिली आहेत. या वयात स्वरयंत्र वाढतं, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो, हे वर्गाला आधीच सांगून ठेव. त्याला खालच्या पट्टीत गाऊ दे, नकोच म्हणाला तर हातात टाळ दे. पण गाणाऱ्यांतून त्याचं नाव काढू नकोस.

गाताना तुझे डोळे भरले तर भरू देत. फक्त मुलांवर तुझी समजूत काढायची वेळ येऊ नये. तुझं दुःख मैत्रिणीकडे, गुरूंकडे मोकळं कर.

कधी तास संपल्यावर एखादी मुलगी पेटीजवळ घुटमळेल. दप्तर खांद्यावर, नजर भात्यावर. ऐकून घे, दार उघडं ठेवून. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नकोस. घरातली कुरबुर असेल तर वर्गशिक्षिकेला विश्वासात घे. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतीला १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

रुजू होण्याआधी मुख्याध्यापकांना विचार, शाळेत समुपदेशक आहेत का? आणि स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात येईल त्या प्रत्येक मुलाला घ्यायची परवानगी आत्ताच मागून ठेव.